प्रयोगशाळेतील भ्रूण : न्यायालयाचा निकाल आणि आमदारांची घाई



विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आणि घरभेटींच्या वेळीही एक प्रश्न आम्हाला हल्ली वरचेवर विचारला जातो. "फादर, टेस्ट ट्यूब बेबीला सरकारची परवानगी आहे, कायदाही झालेला आहे. मग ख्रिस्तसभेलाच ते का खटकते?" हा प्रश्न वाद घालण्यासाठी विचारलेला नसतो. लग्नाला सात-आठ वर्षे झाली, पाळणा हलला नाही, नवस झाले, औषधे झाली, आणि आता डॉक्टरांनी शेवटचा उपाय म्हणून आय.व्ही.एफ. सुचवले आहे, अशी ती जोडपी असतात. त्यांना दोन ओळींत उत्तर देऊन वाटेला लावणे योग्य नव्हे. कायद्याची परवानगी आहे म्हणजे कायद्याने नेमके काय सांगितले आहे, हे आधी पाहावे लागेल. त्यासाठी २०२४ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात जे घडले ते जरा सविस्तर पाहू.

त्या राज्यात मोबील नावाचे बंदराचे शहर आहे. कॅथलिक महाधर्मप्रांताचे ते ठिकाण. तेथील एका रुग्णालयातील वंध्यत्व उपचार केंद्रात तीन जोडप्यांचे भ्रूण गोठवून ठेवलेले होते. या जोडप्यांना त्याच उपचारातून निरोगी मुले झाली होती आणि उरलेले भ्रूण पुढच्या बाळंतपणासाठी राखून ठेवले होते. डिसेंबर २०२० मध्ये रुग्णालयातील एक रुग्ण फिरत फिरत, नीट बंद नसलेल्या दारातून त्या शीतकक्षात शिरला. त्याने साठवणीच्या टाकीत हात घालून काही भ्रूण बाहेर काढले. शून्याच्या कितीतरी खालच्या त्या थंडीने त्याचा हात भाजल्यासारखा झाला, हातातले जमिनीवर पडले आणि ते भ्रूण नष्ट झाले.

जोडपी न्यायालयात गेली. "आमच्या मालमत्तेचे नुकसान झाले" एवढेच म्हणून त्यांना भागवता आले असते. त्यांनी मात्र १८७२ सालच्या एका जुन्या कायद्याचा आधार घेतला. अल्पवयीन मुलाचा कोणाच्या चुकीने मृत्यू झाला तर आईवडिलांना भरपाई मागता येते, असा तो कायदा. पोटातल्या बाळालाही तो लागू होतो हे त्या राज्याच्या न्यायालयाने पूर्वीच मान्य केले होते. या आईवडिलांचे म्हणणे असे की, आमचे मूल पोटात नव्हते, टाकीत होते, पण मूलच होते. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. मूल कोठे आहे यावरून ते मूल आहे की नाही हे ठरत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जे मिचेल यांनी लिहिला. न्यायमूर्ती ग्रेग कुक यांनी पूर्ण असहमती नोंदवली. गर्भाशयाबाहेरच्या भ्रूणाला वगळायचे असेल तर ते काम विधिमंडळाचे, न्यायालयाचे नव्हे, असेही बहुमताने सांगितले.

येथे एक गोष्ट जाता जाता. मुख्य न्यायमूर्ती टॉम पार्कर यांनी आपले वेगळे सहमतीपत्र जोडले आणि त्यात उत्पत्तीचे पुस्तक, संत थॉमस अक्वायनस, कॅल्विन अशा अनेकांचे दाखले दिले. त्यावर जगभर टीका झाली. बायबलचा दाखला वाचून आम्हाला अर्थातच वाईट वाटले नाही. परंतु सर्व धर्मांच्या नागरिकांसाठी असलेल्या न्यायालयात सर्वांना पटेल अशा तर्काने बोलावे, हे बरे. शिवाय संत थॉमस यांना या प्रश्नात साक्षीला बोलावताना थोडे जपूनच राहावे लागते. ऍरिस्टॉटलच्या जीवशास्त्रावर विसंबून त्यांनी मानवी आत्मा गर्भात काही आठवड्यांनंतर येतो असे मानले होते. त्यांच्या काळी स्त्रीबीज कोणी पाहिलेच नव्हते!

निकालानंतर काय झाले? पाच दिवसांच्या आत बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या आरोग्यसेवेने आय.व्ही.एफ. थांबवले. आणखी काही केंद्रांनीही थांबवले. प्रयोगशाळेत भ्रूण हाताळताना काही नष्ट होतातच. प्रत्येक वेळी मृत्यूचा दावा लागला तर डॉक्टर आणि तंत्रज्ञ काम कसे करणार, ही त्यांची भीती. इंजेक्शने घेऊन तारखेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना फोन आले की आता येऊ नका. २८ फेब्रुवारीला ही जोडपी राजधानी माँटगोमेरीला विधिमंडळाच्या दारात जमली. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी आपापली विधेयके मंजूर केली आणि ६ मार्चच्या रात्री राज्यपाल के आयव्ही यांनी कायद्यावर सही केली. निकालापासून सहीपर्यंत एकोणीस दिवस. पुढच्या एकदोन दिवसांत उपचार पुन्हा सुरू झाले.

हे आमदार कोण, तेही पाहायला हवे. सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे प्रचंड बहुमत, आणि त्यातले बहुतेक जण स्वतःला न जन्मलेल्या जीवाचे रक्षक म्हणवणारे. मे २०१९ मध्ये याच राज्यपालांनी गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली होती. त्या चर्चेतच विधेयकाच्या पुरस्कर्त्यांनी स्पष्ट केले होते की, प्रयोगशाळेतील भ्रूणाला ते लागू नाही. म्हणजे न्यायालयाने २०२४ साली जो प्रश्न पुढ्यात ठेवला, त्याची आमदारांना २०१९ मध्येच कल्पना होती. त्यांनी तो बाजूला सारून ठेवला होता.

आता नव्या कायद्यात आहे तरी काय? भ्रूण म्हणजे मूल आहे की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आय.व्ही.एफ. सेवा देताना किंवा घेताना भ्रूणाला इजा झाली किंवा तो मेला, तर कोणाही व्यक्तीवर वा संस्थेवर दिवाणी दावा किंवा फौजदारी खटला चालणार नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. उपकरणे आणि द्रव्ये बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा करता येईल, पण भरपाई त्या उपचाराच्या एका फेरीला आलेल्या खर्चापुरतीच. ही सूट मागच्या काळालाही लागू केली. फक्त जे दावे आधीच न्यायालयात होते ते वगळले.

विरोधी बाकांवरील डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते अँथनी डॅनियल्स यांनी दुसरे विधेयक आणले होते. गर्भाशयाबाहेरचा भ्रूण हा कायद्याच्या दृष्टीने अजात बालक नाही, असे त्यांनी सरळ लिहिले होते. ते पुढे सरकले नाही. त्यांच्या उत्तराशी आम्ही सहमत नाही, हे सांगायला नको. तरीही त्यांनी प्रश्नाला उत्तर दिले होते, हे मान्य करावे लागते. बहुमताने मात्र 'मूल नाही' असे म्हटले नाही आणि 'मूल आहे' असेही म्हटले नाही. जे कोणी असेल ते मेले तरी कोणाला जाब विचारू नका, एवढेच म्हटले.

बंधुभगिनींनो, हे आम्हाला फार गंभीर वाटते. एखाद्या घरात वस्तू हरवली तर वस्तूची किंमत विचारतात. माणूस गेला तर कसा गेला, कोणाच्या हयगयीमुळे गेला, हे विचारतात. यातले काहीच विचारायचे नाही असा जीव आपल्या कायद्यात कोठे बसतो? त्या शीतकक्षाचे दार उघडे राहिले नसते तर काहीच झाले नसते. नव्या कायद्यानंतर तसेच दार उघडे राहिले, तर तशा आईवडिलांना दाद मागायला जागा उरेल का? म्हणजे उपचार वाचवताना कायद्याने उपचार घेणाऱ्यांचाच एक हक्क काढून घेतला.

आमदारांवर सगळा दोष टाकणेही न्यायाचे नाही. अर्ध्यावर थांबलेल्या उपचारांतल्या स्त्रिया दारात उभ्या असताना शांतपणे तत्त्वचर्चा करणे कोणाला जमेल? लोकप्रतिनिधीने कसे वागावे यावर ख्रिस्तसभेने विचार केलेला आहे आणि तो आपल्या मतदारांना क्वचितच सांगितला जातो. मानवी कायदा प्रत्येक पापाला बंदी करत नाही, मुख्यतः इतरांना इजा करणारी गंभीर कृत्ये तो रोखतो, हे संत थॉमस यांनीच शिकवले. म्हणून 'कायद्याने चालते' याचा अर्थ 'चांगले आहे' असा होत नाही. त्याचा अर्थ 'सरकार तुम्हाला पकडणार नाही' एवढाच. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी दिलेल्या 'इव्हांजेलियम वीटे' या परिपत्रकात आणखी एक पायरी सांगितली. जीवाविरुद्धचा कायदा पूर्णपणे रद्द करणे शक्य नसेल, तर त्याचे नुकसान कमी करणाऱ्या विधेयकाला लोकप्रतिनिधीने मत देणे योग्य ठरू शकते. मात्र त्याचा स्वतःचा विरोध सर्वांना ठाऊक असला पाहिजे. ही शिकवण गर्भपाताच्या कायद्यांच्या संदर्भात आहे, पण कसोटी येथेही उपयोगी पडते. अलाबामाच्या आमदारांना नुकसान कमी करता आले असते. एका वेळी किती भ्रूण निर्माण करावेत, गोठवलेल्यांची जबाबदारी कोणाची, हयगय झाली तर काय, यांवर नियम करता आले असते. एकोणीस दिवसांत ते झाले नसते असे कोणी म्हणेल. मग तात्पुरती सवलत द्यायची आणि मुदत घालून चर्चा करायची, ही वाट होतीच.

मुळात भ्रूणाला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. बीज फलित झाले की एक नवा, मानवी, स्वतःच्या आतील रचनेनुसार वाढणारा जीव सुरू होतो. त्याला फक्त ऊब, पोषण आणि वेळ लागतो. बाहेरून नवे काही घालून त्याला माणूस करावे लागत नाही. त्यात आत्मा केव्हा येतो हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा, आणि ख्रिस्तसभेने त्याचे तात्त्विक उत्तर विश्वासाचा भाग म्हणून बांधून दिलेले नाही. २२ फेब्रुवारी १९८७ च्या 'दोनुम वीटे' या मार्गदर्शनात तसे सांगितलेही आहे. मग शंका उरली तर? सेमिनरीत या शंकेसाठी शिकाऱ्याचे उदाहरण देतात. झुडपात काही हलते आहे. डुक्कर असेल, माणूसही असेल. खात्री होईपर्यंत बंदूक चालवायची नाही. 'माणूस आहे हे सिद्ध करा, मग थांबतो' असे म्हणणारा शिकारी कोणालाही नको असतो. म्हणून पहिल्या क्षणापासून व्यक्तीला द्यावा तो मान भ्रूणाला द्यावा, ही आपली शिकवण.

अलाबामा हे एकच उदाहरण नव्हे. इटलीत २००४ साली संसदेने कडक कायदा केला होता : एका वेळी तीनपेक्षा जास्त भ्रूण करायचे नाहीत आणि केलेले सर्व एकाच वेळी गर्भाशयात सोडायचे. २००५ मध्ये त्यातील कलमे काढण्यासाठी सार्वमत घेतले गेले, पण जेमतेम चौथाई मतदार आले म्हणून ते बाद ठरले. पुढे २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्त्रीच्या आरोग्याच्या कारणास्तव तीनची मर्यादा काढली, २०१४ मध्ये दात्याच्या बीजावरील बंदीही काढली. तेथे न्यायालय भिंतीची एकेक वीट काढत गेले. अलाबामात न्यायालयाने वीट चढवली आणि विधिमंडळाने ती उतरवली.

आपल्या देशाची चाल आणखी वेगळी. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, आणि या उपचारांचा कायदा झाला २०२१ साली! मधली पस्तीस वर्षे दवाखाने मार्गदर्शक सूचनांवर किंवा त्यांच्याही विना चालत होते. २००८ मध्ये गुजरातेतील आणंद येथे एका जपानी जोडप्यासाठी सरोगसीने बाळ जन्मले. जन्माआधीच ते जोडपे विभक्त झाले होते आणि बाळ कोणाचे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली विधी आयोगाने कायद्याची गरज सांगितली. त्यानंतरही बारा वर्षे गेली. अलाबामाची घाई वाईट, तर ही दिरंगाई काय चांगली म्हणावी?

कायदा आल्यावर मात्र न्यायालय आणि सरकार यांची ये-जा वाढली. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सरोगसीच्या नियमात बदल करून दोन्ही बीजे त्या पती-पत्नींचीच हवीत असे केले. जन्मतः शारीरिक दोष असलेल्या एका स्त्रीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी तिच्यापुरती त्याला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम सैल केला. अलाबामाचा गोंधळही त्याच महिन्यातला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला : कायदा लागू होण्यापूर्वीच ज्या जोडप्यांनी सरोगसीसाठी भ्रूण तयार करून गोठवले होते, त्यांना नंतर आलेली वयाची अट लागू नाही. म्हणजे भ्रूण गोठवला तेव्हाच ती वाट सुरू झाली, असे न्यायालयाने धरले. सुरू झाली ती कोणाची वाट? निकालात ती आईवडिलांची आहे. भ्रूणाच्या वाटेबद्दल आपला कायदाही गप्पच आहे. फलनापासून छप्पन्न दिवसांपर्यंत वाढणारा जीव म्हणजे भ्रूण, अशी व्याख्या आपल्याकडे आहे. त्या जीवाला जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येते आणि नंतर नष्ट होऊ देता येते, किंवा जोडप्याच्या संमतीने संशोधनासाठी देता येते.

तर मग मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्तसभेचे म्हणणे दोन अंगांनी आहे. एक, मूल हे पती-पत्नींच्या देहदानातून यावे, तिसऱ्याने काचेच्या बशीत जुळवून नव्हे. ते मागणीनुसार तयार होणारी गोष्ट होऊ नये. दोन, या पद्धतीत सहसा गरजेपेक्षा जास्त भ्रूण केले जातात, निवडले जातात, उरतात. पहिले अंग आपल्या लोकांना पटायला वेळ लागतो हे आम्हाला ठाऊक आहे. दुसरे मात्र मोबीलच्या त्या आईवडिलांनी न्यायालयात स्वतःच सांगितले, आणि ते तर आय.व्ही.एफ.चे विरोधक नव्हते.

शिकवण स्पष्ट आहे म्हणून जीभ सैल सोडायची नाही. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचियानी यांना पत्रकाराने विचारले. त्यांनी पद्धतीबद्दलची ख्रिस्तसभेची शिकवण सोडली नाही, पण त्या मुलीला मनापासून शुभेच्छा दिल्या आणि आईवडिलांना दोषी ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही असे सांगितले. महिन्याभरात ते पोप जॉन पॉल पहिले झाले. २०२२ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले. आपल्या गावात स्नानसंस्काराच्या वेळी मागच्या बाकावर 'हे कसे झाले ठाऊक आहे ना' अशी कुजबुज होते, ती त्यांच्या कानी पडली असती तर त्यांना काय वाटले असते? ते मूल इतर कोणत्याही मुलाइतकेच देवाचे आहे. आणि लग्नसमारंभात नव्या सुनेला 'अजून काही नाही का' असे विचारणाऱ्या आत्या-मावशांनी तो प्रश्न आपल्याजवळच ठेवावा. जोडप्यांना घाईघाईने दवाखान्याच्या दारात ढकलण्यात त्या एका वाक्याचा वाटा मोठा असतो.

ख्रिस्तसभा वंध्यत्वावरील सर्व उपचारांना नाही म्हणते हा गैरसमज आहे. बंद गर्भनलिका उघडणारी शस्त्रक्रिया, संप्रेरकांचा उपचार, थायरॉईडची दुरुस्ती, पुरुषातील दोषांवरील इलाज, बीजाचे दिवस ओळखणे, हे सर्व पती-पत्नींच्या मीलनाला मदत करणारे म्हणून योग्य आहे. आणि तपासणी दोघांचीही करावी! बायकोच्या चार वर्षे तपासण्या आणि नवऱ्याची एकही नाही, अशी घरे आजही भेटतात. दत्तक घ्यायचे असेल तर ते सरकारी दत्तक प्राधिकरण 'कारा'मार्फतच. ओळखीने, हॉस्पिटलमधून परस्पर बाळ आणणे हा गुन्हा आहे.

ज्यांचे भ्रूण आज एखाद्या केंद्रात साठवलेले आहेत अशी कुटुंबे आपल्यातही असू शकतील. २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात व्हॅटिकनने प्रामाणिकपणे मान्य केले आहे की, सोडून दिलेल्या गोठवलेल्या भ्रूणांची परिस्थिती हा असा अन्याय आहे, ज्याला पूर्ण समाधानकारक तोडगा नाही. इतरांनी ते भ्रूण स्वीकारावेत काय, याबद्दलही त्यात आक्षेप नोंदवले आहेत. आईवडिलांचे त्यांच्याविषयीचे दायित्व मात्र टाकीचे भाडे भरण्याने संपत नाही. संशोधनासाठी देण्याच्या रकान्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. केलेली असेल तर ती मागे घेता येते का, हे केंद्राला लेखी विचारा. नवे भ्रूण तयार करण्यापूर्वी, असलेल्यांचे काय, हा प्रश्न दोघांनी बसून बोलावा. एकट्याने हे ओझे पेलवत नसेल तर संमतीपत्राची प्रत घेऊन रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्याकडे या, बोलणे आपल्यातच राहील. येण्यापूर्वी दहा वर्षांची मुदत कोणत्या तारखेला संपते, तेवढे पाहून ठेवा.